मूठ वळत नाही तो हात

दलित कवितेत हात लई आहेत. उगारलेले, पेटलेले, मशाल धरलेले. आपल्या अनियतकालिकांची मुखपृष्ठं चाळा, दर दुसऱ्या अंकावर मूठ दिसंल. मीही असल्या मुठीवर चार कविता पाडल्यात, म्हणून दुसऱ्याला नावं ठेवायच्या आधी माझंच नाव घेतो. सवाल एवढाच आहे : ज्याच्या अंगठ्याची शीर रापीनं तुटली आणि ज्याची मूठच वळत नाही, तो हात आपल्या साहित्यात कुठं आहे?

आमचे बा नांदेडात रस्त्याच्या कडंला बसायचे. रापी त्यांच्या उजव्या हातात, कातडं फळीवर डाव्या अंगठ्याखाली. भिजलेलं कातडं मधीच सैल लागलं की रापी सुटते आणि सरळ अंगठ्याच्या मुळाशी येते. आरीचं वेगळं. वरून टोचायची, खालून डाव्या हातानं तिच्या आकड्यात दोरा द्यायचा. तळ जाड असला की जोर जादा लागतो अन् आरी बोटात घुसते. आरीची जखम बारीक, पण खोल. रापीची जखम मोठी. बाची रापीची होती.

हळद भरली, चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी हात सुजला तेव्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाला, जखम कोरडी ठेवा. आता कातडं ओलं केल्याबिगर वळत नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? दिवसभर हात कुंडीत. बानं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यावर चढवला आणि बसले. जखम भरली, पण अंगठा ताठच राहिला. मग ते डाव्या पायानं कातडं दाबायला शिकले. नवी चप्पल शिवायची सोडली. खिळे ठोकणं, पट्टा लावणं, पॉलिश एवढंच करू लागले. दोरा वळून मेण लावायचं काम आईकडं आलं. एकदा मी त्यांना माझी मुठीची कविता वाचून दाखवली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "मुठीत अंगठा आत ठिवायचा का भाईर रं?"

समीक्षक म्हणतील, हा वैयक्तिक अनुभव झाला, साहित्याचं काय ते बोला. बोलतो. मराठवाड्याच्या संतकथा घ्या. लातूरच्या सीमेपलीकडं बसवकल्याण आहे. बाराव्या शतकातल्या हरळय्याची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक : त्यानं आणि त्याच्या बायकोनं आपल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पायताण केलं. रोहिदासांनी रापीनं छाती चिरून आतलं सोन्याचं जानवं दाखवलं, असं सांगतात. दोन्ही गोष्टींत चर्मकाराचं हत्यार त्याच्याच अंगावर चालतं. दोन्हीकडं चमत्कार आहे, भक्ती आहे. दुसऱ्या दिवशी धंद्यावर कोण बसलं, हे मात्र कुणी विचारत नाही. परंपरेला आमची जखम चालते, पण ती दिव्य पाहिजे.

बरं, नव्यांचं काय? माधव कोंडविलकरांचं 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ चं. चर्मकार मास्तराचं ते लेखन महत्त्वाचं, पण मुलूख कोकणाचा. मोट शिवणारा, नाडे-वाद्या कापणारा, इंजिन आल्यावर मोटेबरोबर उठलेला मराठवाड्याचा चांभार आणि ढोर त्यात कसा सापडणार? हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींनी 'जूठन'मध्ये (१९९७) मेलेला बैल सोलायला गेलेलं पोर लिहिलं. सुरी धरलेला हात तिथं दिसतो, कारण लेखकानं मान फिरवली नाही.

आपण का फिरवली? माझ्या मते कारण १९२७ च्या महाडपर्यंत जातं. मेलेलं ढोर ओढू नका, असं बाबासाहेबांनी सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण ते काम सोडताना त्या कामाचं वर्णनही आपण सोडून दिलं, आणि कातड्याशी संबंध असलेलं सगळंच लाजेचं झालं. त्यात जातीजातींतलं अंतर आहेच. मांगवाड्यातला, चांभारवाड्यातला लेखक चळवळीत आला तरी कडंला बसला. आपण त्याला सरकून जागा दिली नाही, हेही कबूल करा. धंदा सोडावा म्हणणं वेगळं आणि धंद्यात कापलेला हात बघू नये हे वेगळं.

पाश्चात्त्यांकडंही फार वेगळं नाही. लुई ब्रेल १८०९ साली खोगीर-जीन करणाऱ्याच्या घरी जन्मला. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात आर डोळ्यात गेली, पुढं दोन्ही डोळे गेले. पोराचं नाव जगात झालं, ते योग्यच. त्या बापाच्या बोटांना किती टोचण्या झाल्या असतील, ते कुणी मोजलं?

मोजणी कायद्यानं केलीय. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरलं, तर्जनी पुरी गेली तर १४ टक्के. पण भरपाई मालकानं द्यायची. छत्रीखाली बसलेल्याचा मालक कोण? बाचा अंगठा गेलाही नव्हता, नुसता ताठला होता. २०२३ साली विश्वकर्मा योजना आली, अठरा धंद्यांत चर्मकार आहे, हत्यारांच्या संचाला १५,००० रुपये. म्हणजे रापीची किंमत ठरली.

हे परिशिष्ट म्हणजे एक भयंकर कविता आहे आणि ती आपल्यातल्या कुणी लिहिली नाही. शिवी घालून विद्रोह सोपा होतो, मित्रांनो. पायानं कातडं दाबणारा माणूस लिहायला त्याच्यापाशी बसावं लागतं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही एका रस्त्यानं जा, चप्पल शिवायला द्या आणि डाव्या हाताकडं बघा. विचारलं तर तो सांगंल, कोणत्या साली, कोणत्या चपलेला.