तरफेच्या धड्यातील अपुरी बाजू

तरफेचा धडा काढून पाहा. पहार, पक्कड, अडकित्ता, चिमटा ही उदाहरणे ठरलेली. चिमटा सोडला तर बाकीची सारी एकच गोष्ट मनावर ठसवतात : तरफ म्हणजे बल वाचवण्याचे साधन. व्याख्येत चूक नाही. उदाहरणांची निवड एकांगी आहे. टेकू मध्ये असला की यांत्रिक फायदा १ पेक्षा जास्तच, असे विद्यार्थी धरून चालतात.

आणि आपणही. एका शिबिरात मी मोटारीच्या इंजिनातली रॉकर आर्म शिक्षकांच्या हाती दिली. ही पहिल्या प्रकारची तरफ, हे सर्वांनी ओळखले. फायदा मात्र बहुतेकांनी १ पेक्षा जास्त सांगितला.

तो कमी असतो, आणि मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कॅमचा उंचवटा पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकर आर्मचे एक टोक उचलतो आणि दुसरे टोक झडप खाली दाबून उघडते. झडपेकडची भुजा लांब असते. १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेटच्या व्ही-८ इंजिनात भुजांचे हे गुणोत्तर १.५ होते. समजा, कॅमने ८ मिलिमीटर उचलले, तर झडप १२ मिलिमीटर उघडेल (मध्ये फट ठेवली असल्यास तेवढी वजा). हौशी मंडळी १.६ ची आर्म बसवतात. तोच कॅम मग १२.८ मिलिमीटर देतो. झडप केव्हा उघडायची नि मिटायची हे कॅमच ठरवतो, त्यामुळे त्या वेळा जवळपास त्याच राहतात.

मोटारींविषयीचे लोकप्रिय लेखन बहुधा इथेच थांबते : झडप जास्त उघडली, शक्ती वाढली. हेही अपुरेच. झडपेचा व्यास ४० मिलिमीटर धरा. तिच्या कडेभोवती मोकळी होणारी जागा म्हणजे परीघ गुणिले उचल. उचल व्यासाच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे १० मिलिमीटर झाली की ही जागा झडपेच्या पूर्ण वर्तुळाइतकी होते. (दहावीच्या मुलांना हे जरूर काढायला द्या.) १२ चे १२.८ झाल्याने शिखरावर फारसे काही मिळत नाही. खरा लाभ वाटेत असतो. झडप १० मिलिमीटरपर्यंत लवकर पोचते आणि तिच्या वर जास्त वेळ राहते.

आता किंमत पाहू. स्प्रिंगचा विरोध १००० न्यूटन असेल, तर पुशरॉडवर १५०० न्यूटन येतात. १५०० न्यूटन गुणिले ८ मिलिमीटर, किंवा १००० गुणिले १२ : दोन्हीकडे १२ ज्यूलच. गुणोत्तर १.६ केले की पुशरॉडवर १६०० येतात, शिवाय स्प्रिंग अधिक दाबली जाते ते वेगळेच. झडपेचे वस्तुमान तर कॅमला गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीत जाणवते, म्हणजे २.२५ ऐवजी २.५६ पट.

टेकूकडे कोणी पाहतच नाही. त्याच्यावर दोन्ही बलांची बेरीज येते, आधी २५०० आणि मग २६०० न्यूटन. त्या इंजिनात टेकूचा स्टड हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असे. स्पर्धेसाठी इंजिन बांधणारे तो काढून आट्यांचा स्टड बसवतात, कारण वाढलेल्या ओढीने दाबून बसवलेला स्टड हळूहळू वर सरकू लागतो.