चौकटीत आलेला हात : यिर्झी त्रन्का

चेक चित्रकार, बालसाहित्यकार आणि बाहुलीपटकार यिर्झी त्रन्का (१९१२–१९६९) याच्या निर्मितीची समीक्षेत बहुधा दोन भागांत वाटणी होते. एकीकडे मुलांच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रे, ज्यांबद्दल १९६८ साली त्याला हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळाले, आणि ‘बाग’ (१९६२) हे त्याने स्वतः लिहिलेले पुस्तक. दुसरीकडे ‘हात’ (१९६५) हा अखेरचा बाहुलीपट. पहिला भाग रम्य, दुसरा गंभीर, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहायला हवे.

‘हात’मधील कलावंत आपल्या गुलाबासाठी कुंड्या घडवीत असतो. एक अवाढव्य हात त्याच्याकडे स्वतःचीच प्रतिमा मागतो. नकार मिळताच आमिष, धाक आणि शेवटी सोन्याचा पिंजरा असे उपाय योजतो. पिंजऱ्यात कलावंताला दोऱ्या बांधून हाताचा पुतळा घडवून घेतला जातो. तो निसटतो, घरी येऊन मरतो आणि तोच हात त्याचा इतमामाने अंत्यविधी करतो. कलावंत आणि सत्ता यांचे हे रूपक आहे, यात शंका नाही. त्रन्काच्या मृत्यूनंतर चेकोस्लोव्हाकियात या पटावर बंदीही आली. परंतु एवढ्याने त्याच्या रूपबंधाचा उलगडा होत नाही.

बाहुलीपटात प्रत्येक हालचाल मानवी हातच घडवतो. तो बाहुली किंचित हलवतो, चौकटीबाहेर जातो, मग चित्र घेतले जाते. हाताने अदृश्य राहणे ही या माध्यमाची अटच होय. येथे मात्र बाहुलीसमोर खराखुरा मानवी हात चौकटीत येतो. म्हणजे राजसत्तेबरोबरच निर्मात्याच्या स्वतःच्या सत्तेचीही ही झडती आहे. १९६३ साली ‘राष्ट्रीय कलावंत’ हा शासकीय किताब मिळालेल्या त्रन्काला हा प्रश्न परका नव्हता.

त्याचे उत्तर त्याच्या ‘रम्य’ मानल्या गेलेल्या कलेत सापडते. त्याच्या बाहुल्यांचे चेहरे सहसा बदलत नसत. प्रकाश, कोन आणि देहाची ठेवण यांतून भाव सुचविला जाई, उरलेला प्रेक्षक पुरवी. ‘बाग’मध्ये पाच मुलांना सापडलेल्या बागेतला तिरसट बोकाही त्यांच्या मर्जीने वागणारा नाही. पात्राला त्याचा हट्ट आणि वाचकाला त्याचा अवकाश देणे, ही त्रन्काची हात आवरण्याची रीत होय.

बालसाहित्याचे मूल्य केवळ संस्कारांवरून ठरविणाऱ्या समीक्षेने हे ध्यानी घ्यावयास हवे. मुलाला घडवू पाहणारा लेखकही अखेर एक हातच असतो.