‘कमांड.कॉम’ची काटकसर : एक पुनर्विचार

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांवरील सॉफ्टवेअरच्या काटकसरीचे कौतुक वारंवार केले जाते. एम.एस.-डॉसच्या ‘कमांड.कॉम’ या कमांड शेलबाबत ते तपासून पाहणे आवश्यक वाटते.

१९८१ मध्ये आलेल्या आय.बी.एम. पीसीच्या मूळ नमुन्यात अवघी १६ किलोबाइट मेमरी होती. त्यामुळे शेलचे दोन भाग करण्यात आले. लहान, निवासी भाग मेमरीत कायम राही. ‘डीआयआर’, ‘कॉपी’ यांसारखे आदेश ज्यात होते तो भाग मेमरीच्या वरच्या टोकाला बसे आणि मोठ्या प्रोग्रामला ती जागा खुशाल व्यापता येई. प्रोग्राम संपताच निवासी भाग बेरजेच्या पडताळणीने ती जागा शाबूत आहे का ते पाही. नसल्यासच डिस्क वाची. सीपी/एम २.२ मध्ये वॉर्म बूटच्या वेळी सुमारे २ किलोबाइटचा आदेशवाचक सरसकट पुन्हा वाचला जाई. त्या तुलनेत ही पडताळणी निःसंशय सुधारणा होय.

परंतु या बचतीची किंमत कोणी मोजली? हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रावर वर्ड प्रोसेसरमधून बाहेर पडताच ‘कमांड.कॉम’ची फ्लॉपी घालण्याची सूचना पडद्यावर येई. वाचलेले किलोबाइट वापरकर्ता फ्लॉप्यांच्या अदलाबदलीने फेडत असे. कौतुक करणारे हा हिशेब मांडत नाहीत. ज्यांची मेमरी पुढे वाढली, त्यांपैकी कित्येकांनी रॅमडिस्कवर ‘कमांड.कॉम’ची प्रत ठेवून ‘कॉमस्पेक’ तिकडे वळविले. म्हणजे वाचवलेली मेमरी, किंबहुना तीहून अधिक, स्वखुशीने परत दिली.