‘राहिली’ या क्रियापदाविषयी

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीकडे बहुधा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील रूपक म्हणूनच पाहिले जाते. मैना म्हणजे तुटलेला मराठी मुलूख, हे खरेच. परंतु रूपकाच्या ओढीने समीक्षक मूळ अर्थ फार लवकर सोडतात. पोटासाठी मुंबईस निघालेला नवरा, पहाटे बांधलेली भाकरी, वेशीपर्यंत पोचवावयास आलेली बायको, या तपशिलातच रचनेचा जीव आहे.

दोन्ही अर्थांचा सांधा ‘राहिली’ या क्रियापदात सापडतो. ‘राहणे’ म्हणजे वास करणे. तसेच मागे उरणे. मैना गावात नांदते आणि मागेही उरते. १९६० साली मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार ‘राहिले’, असेच मराठी माणूस म्हणतो.

नवी मुंबईत हे क्रियापद अजून त्याच दुहेरी अर्थाने वावरते. वाशीच्या घाऊक बाजारातील माथाडींपैकी पुष्कळजण सातारा-सांगलीकडचे. १९६९ च्या कायद्याने त्यांच्या मजुरीस नियम आला, पुढे कोपरखैरण्यास घरे झाली, बिऱ्हाडे आली. बायको आली, म्हातारी आई मात्र गावीच राहिली.

छक्कडीचे उणेपण मात्र मान्य केले पाहिजे. लावणीच्या सरावाने मैनेचे रूपवर्णन लांबते. ती स्वतः काही बोलत नाही. मागे राहिलेलीचे म्हणणे जात्यावरच्या ओव्यांत आहे. वर्गात ही छक्कड त्या ओव्यांशेजारी ठेवूनच वाचावी.