'प्लॉट' : जमिनीचा आणि कथेचा

मराठी कथनमीमांसेत इंग्रजी 'प्लॉट' या संज्ञेसाठी 'कथानक' आणि 'संविधानक' असे दोन पर्याय रूढ आहेत. 'संविधानक' हा संस्कृत वळणाचा शब्द रचनेचा, जुळणीचा अर्थ अनायासे सुचवतो. मात्र इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे जमिनीचा तुकडा, या दोहोंपैकी एकातही उतरत नाही. जमिनीवरून आराखडा, आराखड्यावरून बेत, बेतावरून कट (१६०५ चा 'गनपावडर प्लॉट' प्रसिद्धच आहे) आणि पुढे नाट्यरचना, असा या शब्दाचा अर्थविस्तार होत गेला. 'रीडिंग फॉर द प्लॉट' (१९८४) या ग्रंथात पीटर ब्रुक्स यांनी या सर्व अर्थांच्या तळाशी सीमा आखण्याची कल्पना पाहिली, ती याच बळावर.

व्यवहारातील मराठीने मात्र यांतून मुख्यतः जमीनच उचलली. 'कट' आणि 'कारस्थान' हे शब्द हाताशी असताना तिसऱ्याची गरजही नव्हती! सीबीडी बेलापूरमध्ये 'प्लॉट' म्हणजे सेक्टर आणि क्रमांक असलेला भूखंड. तेथेच खाचर होते, आसपास मिठागरे होती. त्या शब्दांत कसणे होते, पिकणे होते. 'प्लॉट'मध्ये केवळ मोजणी आहे. आठव्या सेक्टरमधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी प्रत्येक घराला लहानसा का होईना, स्वतंत्र प्लॉट दिला आणि पुढची वाढ रहिवाशावर सोपवली. वास्तुरचनेतील हे अपूर्ण ठेवलेले संविधानकच म्हणावे लागेल.

खरी अडचण कार्यकारणाची आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये गोष्ट आणि कथानक यांत भेद केला तो याच आधारावर : कालक्रम म्हणजे गोष्ट, कार्यकारणभाव म्हणजे कथानक. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींचे संपादन ठरले; जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा झाला कालक्रम. शेवटच्या दोन घटनांमध्ये 'नंतर' लिहायचे की 'म्हणून', यावर एक योजना होते किंवा एक लढा होतो. आरंभ १९७० पासून धरणाऱ्याला खाचर दिसतच नाही. त्याची कथा मोकळ्या जमिनीवर सुरू होते. सीमा येथे काळावरही आखली जाते.

ब्रुक्स यांचे विवेचन मराठीत आणू पाहणाऱ्या अभ्यासकाने आरंभीच्या चर्चेत 'कथानक' हा शब्द वापरला, तर युक्तिवाद तेथेच तुटतो. अशा ठिकाणी 'प्लॉट' तसाच ठेवणे अधिक प्रामाणिक. बेलापूरच्या वाचकाला त्याचा पहिला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.