गढीतला ठेका

'कॅन' या जर्मन रॉक बँडची पहिली तबकडी 'मॉन्स्टर मूव्ही' 1969 मध्ये निघाली. तिची दुसरी बाजू एकाच गाण्यानं व्यापली आहे. नाव 'यू डू राइट', लांबी वीस मिनिटांहून थोडी जास्त. पहिली चार-पाच मिनिटं वाटत राहतं, की इथं काही घडतच नाही. ढोल एकाच चालीनं चाललेत, बास दोन-तीन सुरांच्या पुढे सरकत नाही, गाणारा तेच शब्द घोळवतोय. रॉक म्हणजे गिटारची आतषबाजी अशी ज्याची समजूत आहे, तो इथंच सुई उचलतो. जो बसून राहतो, त्याच्या मांडीवर नकळत हाताची थाप सुरू होते.

हा बँड कसा जमला, हे सांगणारी पुस्तकं आहेत. पण ती गोष्ट या वीस मिनिटांत जास्त नीट ऐकू येते, असं माझं मत आहे.

आधी माणसं बघा. साल 1968, गाव कोलोन. इर्मिन श्मिट 31 वर्षांचा, वाद्यवृंदाचा शिकलेला संचालक. होल्गर चुकाय 30 चा. हे दोघंही कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन या आधुनिक संगीतातल्या बड्या आचार्याचे विद्यार्थी. याकी लिबेत्साइट हा ढोलवादकही 30 चाच, मान्फ्रेड शूफच्या मुक्त जॅझमधून आलेला. मिखाएल कारोली फक्त 20 चा. चुकाय स्वित्झर्लंडमधल्या निवासी शाळेत शिकवायचा, तिथला हा त्याचा विद्यार्थी. बीटल्सचं 'आय ॲम द वॉलरस' या पोरानं मास्तरांना ऐकवलं, आणि आचार्यांच्या तालमीत वाढलेल्या मास्तरांना रॉककडे वळावंसं वाटलं. गुरूला शिष्यानं वाट दाखवायची, हे आपल्याकडच्या गायकीत जरा जडच गेलं असतं.

श्मिटची वाट न्यूयॉर्कवरून आली. 1966 मध्ये तो तिथं वाद्यवृंद-संचालनाच्या स्पर्धेसाठी गेला आणि ला माँट यंग, टेरी रायली यांच्या संगतीत रमला. एकच सूर तासन्‌तास धरून ठेवणारे, एकच लहानसा तुकडा फिरवत राहणारे हे लोक. 1970 मध्ये यंग आणि रायली दोघंही किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं ते हेच. तेव्हा श्मिट न्यूयॉर्कहून जे घेऊन आला, ते आपल्या कानाला फार परकं नाही. तंबोरा जुळवून बसलेल्या माणसाला त्याची नव्यानं ओळख करून द्यावी लागत नाही.

लिबेत्साइटचं उलटं. मुक्त जॅझमध्ये प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा वेगळा हवा, ताल पकडला की पाप. त्याला त्या स्वातंत्र्याचाच कंटाळा आला होता. कुणीतरी आपल्याला म्हणालं, तू एकसुरी वाजवायला हवंस, असं तो सांगायचा. त्यानं ते मनावर घेतलं. 'यू डू राइट'मध्ये त्याचा भर झांजांवर जवळजवळ नाहीच, सगळा खोल आवाजाच्या ढोलांवर आहे. ठोका बदलत नाही, वजन मात्र बदलतं. कधी डावा हात जड पडतो, कधी उजवा. बाकीचे त्या वजनाकडे कान लावून असतात.

कुरकुंभहून सोलापूर रस्त्यानं पुण्याच्या बाजूला निघालं की चौफुला लागतो. तिथल्या कलाकेंद्रात संगीत बारीची बैठक ज्यानं ऐकली आहे, त्याला हे कान लावणं ठाऊक असतं. ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायावर, पेटीवाल्याचा कान ढोलकीवर. पण साम्य इथंच संपतं, आणि मला फरकच जास्त महत्त्वाचा वाटतो. बारीची पार्टी मालकिणीच्या नावानं चालते, तमाशाचा फड मालकाच्या. माणसं उचल देऊन बांधली जातात, दसऱ्याला हंगाम सुरू होतो, फलकावर 'सह' लावून नावं येतात. कोण आधी, कोण मागून, हे ठरलेलं. कॅनमध्ये मालक नव्हता. श्रेय सगळ्यांचं मिळून एकत्र. संचालन शिकलेल्या श्मिटनं छडी खाली ठेवली, हा मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग वाटतो. सुरुवातीला डेव्हिड जॉन्सन हा अमेरिकन बासरीवादकही होता, पण बँड रॉककडे झुकू लागला तसा 1968 अखेर तो निघून गेला.

जागा मिळाली ती गढीत. कोलोनजवळच्या नॉर्व्हेनिशच्या गढीत क्रिस्टोफ व्होविंकल या कलासंग्राहकानं त्यांना बिनभाड्यानं राहू-वाजवू दिलं. यंत्र दोनच ट्रॅकचं. याचा अर्थ, नंतर बसून गिटार कमी, आवाज जास्त, अशी दुरुस्ती करता येत नव्हती. जे वाजलं ते त्या तोलानंच उतरलं. कुणी स्वतःला पुढे रेटलं, की दुसरा कायमचा बुडाला. एकमेकांचं ऐकणं हे इथं चांगुलपणाचं लक्षण नव्हतं, यंत्राचीच अट होती. तबकडीच्या वेष्टनावर मात्र 'जास्त चांगल्या सामग्रीनिशी गढीत बनवलेली' अशा अर्थाची मखलाशी आहे.

गाणारा माल्कम मूनी हा अमेरिकन, मूळचा शिल्पकार. श्मिट दांपत्याच्या ओळखीनं आला, तालमीत शिरला आणि गाऊ लागला. पहिल्या बाजूवरचं 'फादर कॅनॉट येल' ऐका. श्मिटच्या ऑर्गनचा एकच सूर थरथरत सुटतो, ढोल त्याला धरतात आणि मूनी मध्येच, बोलणं तोडून यावा तसा येतो. त्याच बाजूवरचं 'मेरी, मेरी सो कॉन्ट्ररी' मला बेताचं वाटतं. तिथं मूनी सूर लावून गायला जातो, आणि ते त्याचं काम नव्हे.

त्याचं काम 'यू डू राइट'मध्ये आहे. शब्द प्रेयसीच्या पत्रातले. पत्र वाचणारा माणूस एखाद्या ओळीवर अडकतो, पुन्हा वाचतो, पुन्हा, तसा तो त्या शब्दांवर अडकला आहे. गाण्याच्या मध्यावर गिटार-ऑर्गन सगळं विरतं. उरतो लाकडावरचा टकटक ठोका आणि मूनीची कुजबुज. इथं गाणं पडायला हवं होतं. पडत नाही, कारण तोपर्यंत ठेका ऐकणाऱ्याच्या अंगात भिनलेला असतो. मग बास परत येतो, काहीच झालं नाही असा. कित्येक तासांच्या वादनातून बास वाजवणाऱ्या चुकायनं कात्री लावून ही वीस मिनिटं काढली. कुठं कापलं हे कानाला कळत नाही. बासवाल्याच्याच हाती कात्री असणं हा त्या बँडचा मोठा नफा होता.

मूनीची मनःस्थिती बिघडली आणि तो अमेरिकेला परतला. मे 1970 मध्ये म्यूनिकच्या रस्त्यावर दामो सुझुकी हा जपानी तरुण गाताना चुकाय आणि लिबेत्साइटला दिसला. आज रात्री आमच्याबरोबर गातोस का, एवढंच विचारलं. तालीम नाही, गाणी ठरलेली नाहीत. त्या रात्री बरेचसे श्रोते वैतागून उठून गेले. सुझुकी 1973 पर्यंत राहिला.