वाटेचा हिशेब

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे घेऊन वाचक हा अंक चाळत असतील, त्या वेळी तमाशाचे फड घराबाहेर पडलेले असतील. दसऱ्याला त्यांचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रा उरकेपर्यंत चालतो. फिरत्या कलावंतांच्या या वाटचालीचा हिशेब आपल्या वाङ्मयात कोठे मांडला आहे काय, हे मी शोधू लागलो. जे आढळले ते वाचकांपुढे ठेवतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. नाट्यशास्त्रात मला गती नाही. फडातल्या माणसांवर कादंबरी लिहावी म्हणून मी नटांची आत्मचरित्रे वाचावयास घेतली. गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी', डॉ. श्रीराम लागूंचे 'लमाण'. 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. या पुस्तकांनी मला रंगभूमी दाखविली, आणि त्यांचा मी ऋणी आहे. तरीही एकूण आपल्या नाट्यविषयक लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात प्रवास येतो तो बहुधा गमतीचा मजकूर म्हणून. गाडी चुकली, पेटारे भलत्याच गावी गेले, आणि तरी पडदा वेळेवर वर गेला! आपण हसतो. भाडे कोणी भरले, वाटेत आजारी पडलेल्याचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते.

जुन्या नाटकमंडळ्यांत हा प्रश्न निराळा होता. १८८० ची किर्लोस्कर मंडळी घ्या, १९१३ ची गंधर्व घ्या किंवा १९१८ ची बलवंत. या मंडळ्या आपले बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडत. नट पगारी असे, पंगत मंडळीची असे आणि प्रवासही मंडळीच्याच अंगावर असे. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची मला इच्छा नाही. कर्ज आणि फाटाफूट या मंडळ्यांच्या पाचवीलाच पुजलेली होती. पण वाट ही कामाचाच भाग आहे, एवढे त्या व्यवस्थेत गृहीत होते. पुढे बोलपट आला, मंडळ्या मोडल्या, आणि कंत्राटदाराबरोबर 'नाईट' आली. नाईट म्हणजे एका प्रयोगाचे मानधन. शब्दच पाहा ना! प्रयोगाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दिवस बसगाडीत जातो, त्याला या शब्दात जागाच नाही.

डॉ. लागूंनी आपल्या पुस्तकाला 'लमाण' हे नाव दिले. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव पोचवणारा. नटाला ही उपमा मोठी मार्मिक आहे. पण लमाणाची सारी कमाई वाट चालण्याचीच होती. आमच्या नटाला मात्र माल उतरवण्याचे तेवढे पैसे मिळतात.

वाटेचे मोल कायद्याला कळत नाही असेही नाही. परप्रांतात कंत्राटदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला, त्यात येण्याजाण्याचे दोन्ही वेळचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीसुद्धा घातली होती. मजूर त्या दिवशी कामावरच आहे असे धरून. जे मजुराच्या बाबतीत सुचले, ते ढोलकीवाल्याच्या बाबतीत का सुचू नये? रेल्वेने कलावंतांना दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत ठेवली होती. मार्च २०२० मध्ये इतर अनेक सवलतींबरोबर तीही थांबली, आणि वर्षे लोटली तरी पूर्ववत झाली नाही.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वे वाईहून मुंबईस परतताना द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. साऱ्या महाराष्ट्राने हळहळ केली. प्रसिद्ध नटीची बातमी तरी होते. मालमोटारीत कनातीच्या गुंडाळ्यांवर झोपलेला माणूस गेला, तर नुकसानभरपाई मागताना त्याची मिळकत सिद्ध कशाने करायची? त्याच्या उचलीची नोंद मालकाच्या वहीत, आणि ती वही मालकाच्या पेटीत!

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. खेळ चालू असता त्या पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या असे सांगतात. आपण तिची शौर्यकथा केली. विठाबाईंच्या धैर्याला माझाही नमस्कार आहे. पण ती ऐकताना टाळ्या वाजवाव्यात असे मला आता वाटत नाही. त्या रात्री खेळ थांबवता येईल अशी सोय कोणाच्याच करारात नव्हती, एवढाच तिचा अर्थ मला लागतो.

एका चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला फड आला होता. दुपारीच वळवाचा पाऊस कोसळला, कनात भिजली, खेळ झाला नाही. ज्यांनी सुपारी दिली होती त्यांनी विसारापलीकडे पैसा दिला नाही. फडातला एक ढोलकीवाला आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आला होता. त्याला घरी जायचे होते आणि गाडीभाड्याला पैसे नव्हते. मी विचारले, "तुमचं ठरलं काय होतं?" तो म्हणाला, "मास्तर, ठरतं ते खेळाचं. वाटेचं कोण ठरवतंय?"

त्या रात्री मी माझ्या कादंबरीचे हस्तलिखित काढले. एका प्रकरणात मी लिहिले होते, 'गाडी रात्रभर चालली आणि सकाळी मुक्काम आला.' सबंध रात्र मी एका वाक्यात उरकली होती! दुसऱ्यांवर केलेली तक्रार अशी माझ्याच दारात आली. ते वाक्य मी खोडले आहे, आणि ती रात्र अजून लिहितो आहे.

लेखकांचे काम लेखकांनी करावे. पण तमाशाची सुपारी लेखक देत नाहीत; ती गावोगावचे जत्रेचे पंच देतात, आणि त्यांतले काही या अंकाचे वाचक असतील. पाडव्याच्या सुमारास ते नारायणगावी राहुट्यांपुढे बसतील, तेव्हा आकड्याखाली तीन ओळी वाढवाव्यात: जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, पावसाने खेळ मोडला तर किती द्यायचे, आणि वाटेत कोणाला दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची. तीन ओळींना फारशी शाई लागत नाही.